जस्टिनियनची नाणी: एकाच सम्राटाचा संग्रह कसा उभा करावा

एकाच राजवटीची बायझंटाईन, म्हणजे पूर्व रोमन साम्राज्याची, नाणी जमवायची ठरवलीत, तर पहिला सम्राट म्हणून जस्टिनियन पहिला निवडा. एप्रिल ५२७ मध्ये तो आपला मामा जस्टिन पहिला याचा सहसम्राट झाला. त्याच वर्षी १ ऑगस्टला मामा वारला आणि जस्टिनियन एकटा गादीवर राहिला, तो १४ नोव्हेंबर ५६५ ला मरेपर्यंत. इतक्या लांब राजवटीची तांब्याची नाणी आजही भरपूर मिळतात आणि साध्या पगारातून घेता येतात. शिवाय ५३८ नंतरच्या त्याच्या मोठ्या तांब्याच्या नाण्यांवर राज्यवर्ष, टांकसाळ आणि टांकसाळीतला विभाग अशा तिन्ही गोष्टी कोरलेल्या असतात. नाणं हातात घेतलं की ते कोणत्या बारा महिन्यांत, कोणत्या शहरात पडलं ते सांगता येतं. सहाव्या शतकातल्या फार थोड्या वस्तूंबद्दल असं म्हणता येईल.

आधी चौकट आखा

चौकट न आखता केलेली खरेदी वर्षभरात विस्कटते. स्वस्त मिळालं म्हणून घेतलेली एकाच प्रकारची सहा-सात झिजकी नाणी पेटीत पडून राहतात आणि हवं ते नाणं लिलावात येतं तेव्हा पैसे उरलेले नसतात.

चौकटीचे तीन मार्ग आहेत. पहिला वर्षांचा: कॉन्स्टँटिनोपलच्या फॉलिसवर (४० नुम्मींचं मोठं तांब्याचं नाणं; नुम्मी हे सर्वांत लहान मूल्य) राज्यवर्ष १२ पासून ३९ पर्यंतचे आकडे येतात, म्हणजे २८ जागा. प्रत्येक वर्षाचं एक नाणं. पाचही विभागांची अक्षरं हवीत म्हटलं तर हाच आकडा १४० वर जातो, तेव्हा सुरुवातीला त्या वाटेला जाऊ नये. दुसरा मार्ग टांकसाळींचा: कॉन्स्टँटिनोपल, निकोमेडिया, किझिकस, अंतिओक, थेस्सलोनिका, अलेक्झांड्रिया, कार्थेज, रोम, राव्हेन्ना. तिसरा मूल्यांचा: ४०, २०, १० आणि ५ नुम्मींचं एकेक नाणं.

आमच्या मते पहिली डझनभर नाणी या तिन्हींच्या मिश्रणातून घ्यावीत. ५३८ पूर्वीचा एक फॉलिस, वर्ष १२ किंवा १३ चा एक मोठा फॉलिस, वर्ष ३० च्या पुढचा एक हलका फॉलिस, निकोमेडिया आणि किझिकसचा एकेक, अंतिओकचे दोन, एक अर्धा फॉलिस, १० आणि ५ नुम्मींचं एकेक, अलेक्झांड्रियाचं १२ नुम्मींचं जाड नाणं आणि पश्चिमेकडच्या टांकसाळीचं काहीतरी एक. एवढं हाती आलं की मन कुठे रमतंय ते कळतं आणि मग वर्षांची २८ घरं भरायची की टांकसाळींच्या मागे लागायचं ते ठरवता येतं. सोनं शेवटी.

फॉलिस वाचायला शिकणं

सगळा संग्रह या एका कौशल्यावर उभा राहतो, म्हणून इथे घाई करू नये.

तांब्याच्या नाण्यांवर मूल्य लिहिण्याची पद्धत सम्राट अनास्तासियसने ४९८ मध्ये आणली. मागच्या बाजूला मधोमध एकच मोठं अक्षर असतं आणि ते ग्रीक अंक म्हणून वाचायचं. ‘एम’ म्हणजे ४०, ‘के’ म्हणजे २०, ‘आय’ म्हणजे १०, ‘ई’ म्हणजे ५. ‘एम’वाल्या ४० नुम्मींच्या नाण्याला आज संग्राहक फॉलिस म्हणतात.

जस्टिनियनच्या फॉलिसचे दोन काळ पडतात. ५२७ ते ५३८ पर्यंतच्या नाण्यावर सम्राट उजवीकडे तोंड करून असतो आणि मागे ‘एम’च्या दोन्ही बाजूंना तारे किंवा क्रूस असतात. राज्यवर्ष १२ पासून चेहरा समोर वळतो. डोक्यावर शिरस्त्राण, अंगात चिलखत, उजव्या हातात क्रूस लावलेला गोल, डाव्या खांद्याशी ढाल. मागे ‘एम’च्या डावीकडे वरून खाली ‘ॲनो’ म्हणजे ‘वर्षी’ हा शब्द, वर क्रूस, उजवीकडे वरून खाली वर्षाचा आकडा, ‘एम’च्या पायांमध्ये विभागाचं अक्षर आणि तळाशी टांकसाळीचं नाव.

वर्ष काढायचं सूत्र सोपं आहे: कोरलेल्या आकड्यात ५२६ मिळवा. वर्ष १२ म्हणजे एप्रिल ५३८ ते मार्च ५३९. वर्ष ३९ मात्र अपुरं आहे, कारण सम्राट नोव्हेंबरात वारला.

चूक होते ती आकडा वाचताना. हे रोमन आकडे शाळेत शिकवतात तसे नाहीत. १४ लिहिताना पाचातून एक वजा करत नाहीत, ‘एक्स’खाली चार उभ्या रेघा मारतात. पाचासाठीचा ‘व्ही’ बहुतेकदा खालून गोल असतो आणि ‘यू’सारखा दिसतो. सहासाठी तर स्वतंत्र चिन्ह आहे, शेपूट वळलेल्या ‘जी’ किंवा ‘एस’सारखं. त्यामुळे १५ आणि १६ यांची अदलाबदल सर्रास होते, विक्रेत्यांच्या वर्णनांतसुद्धा. भिंगाखाली त्या चिन्हाचा खालचा टोकाचा भाग बघा. दोन्ही हात वर उघडे असतील तर पाच, खाली शेपूट लोंबत असेल तर सहा. १७, १८, १९ हे सहाच्या चिन्हाखाली एक, दोन, तीन रेघा मारून होतात. शेवटची रेघ नाण्याच्या कडेबाहेर गेलेली असेल तर १८ चं १७ होतं, म्हणून आकड्याखाली मोकळी जागा दिसल्याशिवाय वर्ष पक्कं समजू नये.

विभागाची अक्षरं ग्रीक आहेत. कॉन्स्टँटिनोपलला अल्फा ते एप्सिलॉन असे पाच विभाग, निकोमेडिया आणि किझिकसला अल्फा, बीटा असे दोनच. तळाशी ‘एन-आय-के’ आणि ‘एम’खाली गॅमा दिसला तर दोन्हींपैकी एक वाचन चुकलेलं आहे, पुन्हा बघा. ही पडताळणी फार उपयोगी पडते.

टांकसाळींची नावं: ‘सी-ओ-एन’ कॉन्स्टँटिनोपल, ‘एन-आय-के’ निकोमेडिया, ‘के-वाय-झेड’ किझिकस. अंतिओकचं नाव एका रूपात राहत नाही. ५२८ च्या भूकंपानंतर त्या शहराला ‘थिओपोलिस’, देवाचं नगर, असं नवं नाव दिलं गेलं आणि टांकसाळीने ते कधी लॅटिन, कधी ग्रीक अक्षरांत, वेगवेगळं तोडून कोरलं. तळाशी ‘टी-एच’ने किंवा मध्ये आडवी रेघ असलेल्या गोल थीटाने सुरू होणारं काही दिसलं तर अंतिओक समजा. ५२८ नंतरच्या त्या सुरुवातीच्या काळातला, सिंहासनावर समोर तोंड करून बसलेला सम्राट दाखवणारा अंतिओकचा फॉलिस जरूर मिळवावा. त्याच्या राजवटीतल्या इतर कोणत्याही फॉलिससारखा तो दिसत नाही. ५४० मध्ये इराणच्या खुस्रो पहिल्याने अंतिओक लुटलं. त्यानंतर लगेचच्या वर्षांची तिथली नाणी विरळ आहेत.

आता सर्वांत महाग पडणारा घोटाळा. ५३८ पूर्वीचा जस्टिनियनचा फॉलिस आणि त्याचा मामा जस्टिन पहिला याचा फॉलिस जवळजवळ सारखेच असतात. तोच उजवीकडचा चेहरा, तोच ‘एम’, तेच तारे. फरक फक्त नावात: मामाचं ‘इउस्टिनुस’, भाच्याचं ‘इउस्टिनिआनुस’. नाव झिजलेलं असेल तर ‘एन’नंतरची अक्षरं मोजा. ‘एन’नंतर सरळ ‘व्ही-एस’ येत असेल तर मामा, मध्ये आणखी ‘आय-ए-एन’ असेल तर भाचा. नावाचा हा भाग वाचताच येत नसलेलं नाणं ‘जस्टिनियन’ म्हणून घेऊ नये, कितीही स्वस्त असलं तरी. जस्टिन दुसऱ्याच्या फॉलिसवर राजाराणी शेजारी शेजारी बसलेली असतात, तिथे गोंधळ होत नाही. सोन्याच्या बाबतीत जस्टिनियन दुसऱ्यापासूनही (राजवट ६८५ ते ६९५ आणि ७०५ ते ७११) सावध राहा. नाव तेच, शतक वेगळं.

वजन आणि व्यास

०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा आणि व्हर्नियर कॅलिपर या दोन वस्तू पहिल्या नाण्याआधी घ्याव्यात.

५३८ पूर्वीचा फॉलिस साधारण १४ ते १८ ग्रॅम भरतो. वर्ष १२ पासून नाणं एकदम वाढतं: व्यास ४० मिमीच्या आसपास किंवा थोडा जास्त, वजन २१ ते २५ ग्रॅम. हातात घेतल्यावर थक्क व्हायला होतं, इतकं ते मोठं आहे. पुढे ते उतरत जातं. वर्ष २० च्या घरात १७ ते २१ ग्रॅम, वर्ष ३० च्या पुढे १५ ते १९ ग्रॅम आणि व्यास ३० ते ३४ मिमी. एकेक नाणं या मर्यादांच्या थोडं इकडेतिकडे जाऊ शकतं, कारण तांबं प्रत्येक तबकडीगणिक (ठसा मारण्याआधीच्या कोऱ्या तुकड्यागणिक) तोलून घेत नसत. पण वर्ष १३ चा म्हणवणारा फॉलिस १५ ग्रॅम भरला तर वर्ष चुकीचं वाचलंय, नाणं कातरलंय किंवा ते खोटं आहे.

या जड नाण्यामागे एक हिशेब आहे. त्याच काळातला इतिहासकार प्रोकोपियस लिहितो की, पूर्वी सराफ एका सोन्याच्या नाण्याला २१० फॉलिस देत, ते जस्टिनियनच्या काळात १८० वर आणलं गेलं. फॉलिस जड झाला की सोन्याच्या बदल्यात तो कमी मिळणार. वर्ष १२ चं आणि वर्ष ३५ चं नाणं शेजारी ठेवलं की पुढच्या पंचवीसेक वर्षांची ओहोटीही डोळ्यांनी दिसते.

अर्धा फॉलिस ५३८ नंतर १० ग्रॅमच्या आसपास सुरू होतो. १० नुम्मींचं नाणं ४ ते ५ ग्रॅम, ५ नुम्मींचं साधारण २ ग्रॅम. ही छोटी नाणी स्वस्त असतात, पण चांगल्या स्थितीत मिळणं कठीण. तेव्हा स्वच्छ वाचता येणारं दिसलं की सोडू नये.

थेस्सलोनिका आणि अलेक्झांड्रिया स्वतंत्र वाटेने जातात. थेस्सलोनिकाला १६ नुम्मींचं मूल्य होतं. अलेक्झांड्रियाला १२ नुम्मींचं, ‘आय’ आणि ‘बी’ अशी दोन अक्षरं आणि मध्ये क्रूस, तबकडी लहान पण जाड. अलेक्झांड्रियाचं ३३ नुम्मींचंही एक नाणं आहे, ते दुर्मीळ. कार्थेज ५३३ मध्ये, रोम ५३६ मध्ये आणि राव्हेन्ना ५४० मध्ये जस्टिनियनच्या सैन्याने घेतलं, म्हणून त्या शहरांत त्याच्या स्वतःच्या अमलाखाली पाडलेली नाणी त्याआधीची असूच शकत नाहीत.

लिलावाच्या यादीत सिअर क्रमांक, म्हणजे डेव्हिड सिअर यांच्या बायझंटाईन नाण्यांच्या सूचीतला क्रमांक, दिलेला असतो. कॉन्स्टँटिनोपलचा वर्षांकित फॉलिस १६३, निकोमेडियाचा २०१, किझिकसचा २०७. हे तीन क्रमांक तोंडपाठ असले की शोध घेणं निम्म्याने सोपं होतं.

सोनं

सॉलिडस हे सोन्याचं पूर्ण नाणं, वजन रोमन पौंडाचा ७२ वा भाग, साडेचार ग्रॅमच्या आसपास. सुरुवातीच्या सॉलिडसवर सम्राटाच्या खांद्यावर भाला असतो, नंतरच्यावर हातात क्रूस लावलेला गोल. अर्धं नाणं २.२ ग्रॅम, तृतीयांश १.५ ग्रॅमच्या जवळपास. तळाशी ‘सी-ओ-एन-ओ-बी’ दिसलं म्हणून ते कॉन्स्टँटिनोपलचंच असं ठरत नाही, कारण ती अक्षरं इतर टांकसाळींनीही सोन्यावर वापरली. ‘ओ-बी’पुढे दोन ‘एक्स’ असतील तर ते मुद्दाम कमी वजनाचं, २० सिलिक्वांचं (सिलिक्वा हे वजनाचं छोटं माप) नाणं आहे (पुरं २४ चं असतं). तिथे कमी वजन हा दोष नव्हे.

कोकणपट्टीवर राहणाऱ्याला या सोन्याबद्दल विशेष जिव्हाळा वाटायला हवा. जस्टिनियनच्याच काळात कॉस्मस नावाचा ग्रीक व्यापारी आपल्या किनाऱ्यावरच्या ‘कल्लिआना’बद्दल, म्हणजे कल्याणबद्दल, लिहून गेला. तिथून तांबं, लाकूड आणि कापड जात असे, असं तो सांगतो. रोमन सोन्याचं नाणं इराणी चांदीच्या नाण्यापेक्षा सरस ठरल्याचा सिंहलद्वीपातला किस्साही त्याचाच. कर्नाटकात हावेरी जिल्ह्यातल्या अक्की आळूरला बायझंटाईन सोन्याचा साठा सापडला आहे. भारतात वापरलेल्या अशा नाण्यांना बऱ्याचदा चेहऱ्याच्या वर दोन भोकं असतात, गळ्यात घालण्यासाठी. पण ‘भारतात सापडलेलं’ असं सांगून कुणी सॉलिडस पुढे केला तर कागद मागा. जमिनीत सापडलेल्या ठेव्यांसाठी १८७८ पासूनचा कायदा आहे आणि कळवल्याशिवाय बाजारात आलेलं नाणं घेणाऱ्याच्या गळ्याशी येतं.

सोन्याची घनता घरी तपासता येते. नाणं हवेत तोला, मग दोऱ्याने पाण्यात टांगून तोला, हवेतल्या वजनाला दोन्हींतल्या फरकाने भागा. ४.४५ ग्रॅमच्या चांगल्या सॉलिडसचा फरक ०.२३५ ग्रॅमच्या जवळ येतो आणि घनता १८.९ निघते. ०.०१ ग्रॅमचा काटा इथे कामाचा नाही. फरक ०.२३ दाखवला तर उत्तर १९.३, ०.२४ दाखवला तर १८.५, काहीच ठरत नाही. ०.००१ ग्रॅमचा काटा हवा. पणजी, मडगाव, म्हापशाच्या मोठ्या सराफांकडे तो असतो, आणि कॅरेट मोजणारं क्ष-किरण यंत्रही. यंत्र फक्त पृष्ठभाग वाचतं, म्हणून दोन्ही चाचण्या कराव्यात. कसोटीवर घासायला मात्र कुणालाही देऊ नका. सराफाच्या हाताला ती सवय असते, आधीच बजावून सांगा.

खोटी आणि ‘सुधारलेली’ नाणी

साच्यात ओतलेल्या खोट्या नाण्याची कड बघा. सभोवार बारीक शिवण किंवा ती लपवायला मारलेली कानस दिसते. पृष्ठभागावर बुडबुड्यांचे खड्डे, अक्षरांच्या कडा साबणासारख्या गुळगुळीत. खऱ्या नाण्यावर ठोक्याने धातू कडेकडे वाहिल्याच्या बारीक रेघा असतात. दोन ‘वेगवेगळ्या’ नाण्यांवर तीच ओरखड, तोच खड्डा, तेच कडेचे तडे दिसले तर दोन्ही खोटी.

याहून जास्त आढळतं ते खऱ्या नाण्यावरचं कारागिरीचं पाप. झिजलेली अक्षरं कोरून ताजी केलेली असतात, मैदान, म्हणजे अक्षरांभोवतीची मोकळी जागा, घासून सपाट केलेलं असतं. दहापट भिंगाखाली अक्षराच्या पायाशी चकचकीत, सरळ खाचा दिसल्या तर नाणं परत करा. अंतिओककडच्या नाण्यांवर भगव्या मातीचा सुंदर थर असतो, तोही आता गोंदाने चिकटवतात. रसायनांच्या दुकानातलं शुद्ध ॲसिटोन काचेच्या झाकणबंद बाटलीत घ्या, नाणं अर्धा तास बुडवा, मग कापसाने पुसा. खरी माती आणि खरा हिरवा थर जागच्या जागी राहतो, गोंद आणि रंग सुटतात. नखांचं पॉलिश काढायचं द्रावण चालणार नाही, त्यात तेल आणि सुवास असतो. गॅसच्या शेगडीपासून लांब, खिडकी उघडी ठेवून हे करा.

खरेदी, कस्टम्स आणि कायदा

गोव्यात या नाण्यांचा बाजार जवळजवळ नाही. मुंबई-पुण्याचे विक्रेते किंवा परदेशी लिलावगृहं, एवढेच मार्ग. परदेशातून घेताना नाण्याचा पूर्वेतिहास लेखी मागा. जुनं बिल, जुन्या लिलावाचा क्रमांक, ज्या देशातून निघतंय तिथला निर्यात परवाना. सीरियातून लुटीचा माल बाहेर येऊ लागल्यावर संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने २०१५ च्या ठराव २१९९ ने तिथून बेकायदा बाहेर काढलेल्या सांस्कृतिक वस्तूंच्या व्यापारावर बंदी घातली. अंतिओक (आज तुर्कस्तानात) सीरियाच्या सीमेजवळच आहे, म्हणून तिथलं नाणं घेताना हा प्रश्न विचारलाच पाहिजे. उत्तर गोलमोल आलं तर दुसरं नाणं शोधा, फॉलिसचा दुष्काळ नाही.

पार्सलच्या कागदांवर खरी किंमत आणि खरं वर्णन लिहायला सांगा. शुल्काचा दर बदलत असतो, बोली लावण्याआधी कस्टम्स दलालाला विचारून तो किमतीत धरा. लिलावगृहाचं कमिशन आणि टपालखर्च वेगळा.

१९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार १०० वर्षांहून जुनं नाणं पुरावस्तू ठरतं आणि खासगी व्यक्तीला पुरावस्तू देशाबाहेर पाठवता येत नाही. म्हणजे नाणं एकदा भारतात आलं की ते परदेशी प्रमाणन संस्थेकडे डबीबंद करून घ्यायला पाठवता येत नाही, आणि नापसंत पडलं म्हणून परतही पाठवता येत नाही. खोटं निघालं तरी ते पुरावस्तू नसल्याचं प्रमाणपत्र पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून मिळवावं लागतं. म्हणून सगळी पारख पैसे देण्याआधी व्हायला हवी. दोन्ही बाजूंची आणि कडेची मोठी छायाचित्रं, वजन, व्यास मागा, न देणाऱ्याकडून घेऊ नका. धंदा म्हणून विकायची असतील तर परवाना लागतो.

गोव्याची हवा

जे संग्रह इथे नासतात ते बहुतेक पावसाळ्यात नासतात. जमिनीत दीड हजार वर्षं राहिलेल्या तांब्यात क्लोराइडचे कण दबलेले असतात. हवेतली आर्द्रता वाढली की ते ओलावा आणि प्राणवायूशी मिळून आम्ल तयार करतात, आम्ल आणखी तांबं खातं, आणि नाण्यावर फिकट हिरवी पूड फुटते. याला कांस्यरोग म्हणतात. आर्द्रता साधारण ४२ टक्क्यांखाली असेल तर तो झोपलेला राहतो, ५५ च्या वर वेग घेतो. आपल्याकडे जून ते सप्टेंबर ती ८५ ते ९० वर असते, वर समुद्राचा खारा वारा.

पूड आणि साधा हिरवा थर यांत फरक ओळखा. थर गडद, कडक, टूथपिकने निघत नाही. रोगाची पूड फिकट, खडूसारखी, टोचली की गळते, खाली खड्डा राहतो आणि काही दिवसांत परत येते. नव्याने घेतलेल्या संशयित नाण्याची परीक्षा घ्यायची तर काचेच्या बरणीत ओला कापूस ठेवा, त्याला न लागेल असं नाणं ठेवा, झाकण लावा. ४८ तासांत ठिपके फुटले तर ते नाणं इतरांत मिसळू नका.

साठवणीला रबरी कड असलेला, कुलपी झाकणाचा पॉलिप्रोपिलीनचा डबा घ्या. ५ लिटरच्या डब्याला २५० ग्रॅम नारिंगी सिलिका जेल, कापडी पिशव्यांत भरून. निळं जेल घेऊ नये, त्यात कोबाल्ट असतं. आत छोटा डिजिटल आर्द्रतामापक ठेवा, पण तो आधी पारखून घ्या. बाटलीच्या झाकणात मीठ ओलसर करून मापकासोबत बंद पिशवीत १२ तास ठेवलं की आकडा ७५ यायला हवा. जितका चुकेल तितका नेहमी वजा-अधिक करायचा. डब्यातली आर्द्रता ३५ ते ४० ठेवा. ४५ ओलांडली की जेल बदला आणि काढलेलं जेल पातळ पसरून ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोन-तीन तास वाळवा. बंद डब्यात पूर्ण गार झाल्यावरच ते नाण्यांत जाऊ द्या. दोन संच असले की खंड पडत नाही. घरात पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्यासाठीच्या साठ्याची, भरती सुरू होते तेव्हाच, मेच्या मध्यावर, जेल वाळवून डबे सील करावेत आणि शक्य तर पावसाळाभर उघडू नयेत. नाणी चाळायला डिसेंबर ते फेब्रुवारीतल्या दुपारी उत्तम. वातानुकूलित खोलीतून गार नाणं बाहेरच्या दमट हवेत आणलं तर त्यावर दव जमतं. बंद डब्यातच आणा आणि तासभर थांबा.

मऊ पीव्हीसीच्या पिशव्या चिकट होऊन नाणं हिरवं करतात. पिना मारलेली पुठ्ठ्याची चौकट नको, इथे पिना एका पावसाळ्यात गंजतात. मायलरच्या पिशव्या किंवा नाण्याच्या व्यासाच्या प्लॅस्टिक कॅप्सुल वापरा. वर्ष १२, १३ च्या फॉलिसला ४४ ते ४६ मिमीची लागते. नवं प्लायवूड, लाकडी खण आणि डांबरगोळ्यांचं कपाट टाळा, त्यांच्या वाफा धातूला बाधतात.

रोग लागलाच तर नाणं वेगळं काढा. भिंगाखाली पूड टोकदार बांबूच्या काडीने खरवडा. मग डिस्टिल्ड पाण्यात ठेवून पाणी रोज बदला, आठवडाभर तरी. पिण्याच्या आरओचं पाणी चालत नाही. वाळवून ॲसिटोनमध्ये बुडवा, म्हणजे खाचांतलं पाणी निघतं. त्यानंतर अल्कोहोलमधल्या ३ टक्के बेन्झोट्रायझोलमध्ये २४ तास. हे रसायन विषारी आहे, नायट्रिलचे हातमोजे आणि मोकळी हवा सक्तीची. शेवटी मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात. महिनाभर निराळ्या बरणीत ठेवून पूड परत येत नाही ना ते बघा. सोन्याला यातलं काही लागत नाही.

घरातली तांब्या-पितळेची भांडी चिंच, सोलं किंवा पितांबरीने लखलखीत होतात, म्हणून कुणी प्रेमाने नाणंही तसंच घासून देतं. पंधरा मिनिटांत हिरवा थर जातो, त्याबरोबर अक्षरांचे बारीक तपशील आणि नाण्याची बहुतेक किंमतही जाते. घरातल्या सगळ्यांना हे आधीच सांगून ठेवा. व्हिनेगर, लिंबू, बॅटरीवरची विद्युत्-सफाई यांनाही हेच लागू. नाणं नेहमी कडेने धरा, खाली जाड कापड पसरून. घामाचं मीठ हे क्लोराइडच आहे.

नोंद

प्रत्येक नाण्याला क्रमांक द्या आणि वहीत एक ओळ: मूल्य, टांकसाळ, विभाग, कोरलेलं वर्ष, इसवी सन, ग्रॅम दोन दशांशांपर्यंत, मिमी, सिअर क्रमांक, कुणाकडून, केव्हा, किती रुपयांना. ठशांची दिशाही लिहा. पुढची बाजू सरळ धरून नाणं उभ्या अक्षावर फिरवलं की मागच्या बाजूचं डोकं घड्याळाच्या कोणत्या आकड्याकडे आहे ते बघायचं. कॉन्स्टँटिनोपलच्या फॉलिसवर बहुधा ६ येतं. वर्ष अर्धवट वाचता येत असेल तर ‘१७ किंवा १८’ असंच लिहा, अंदाजाने एक आकडा टाकू नका.

छायाचित्राला झगमगीत दिवा नको. जुन्या घरात शिंपल्यांची खिडकी असेल तर तिच्यातून येणारा मऊ उजेड गडद तांब्यासाठी फार चांगला. अक्षरं उठून दिसण्यासाठी आणखी एक छायाचित्र घ्या, त्यात उजेड एका बाजूने, टेबलापासून २० ते ३० अंशांवरून पाडा. नाणं दर वर्षी त्याच जागी, त्याच उजेडात टिपलं की हिरव्या ठिपक्याची वाढ दोन चित्रं शेजारी ठेवून लगेच ओळखता येते. बिलं आणि कस्टम्सचे कागद स्कॅन करून नाण्याच्याच क्रमांकाने ठेवा, आणि त्याची एक प्रत घराबाहेर, वारसदाराकडे.